सरसाच्या कारखान्यात वाफ काय करत होती?

रविवारी रात्री उरलेला पायांचा रस्सा फ्रीजमध्ये ठेवला, की सोमवारी सकाळी पातेलं तिरकं केलं तरी तो जागचा हलत नाही. वर चरबीचा पिवळट थर, खाली थरथरणारी वडी. गॅसवर ठेवली की दोन मिनिटांत पाणी, पुन्हा गार केली की पुन्हा वडी. मटण न खाणाऱ्यांच्या घरातही हीच वस्तू असते, औषधांच्या डब्यात, कॅप्सूलच्या रंगीत टोपणाच्या रूपात. त्या वडीचं नाव जिलेटिन. हीच वडी जरा कमी शुद्ध राहिली आणि वाळवून दगडासारखी कडक केली, की होतो सुताराचा सरस.

मी ठाण्यात, सुताराच्या घरात वाढलो. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कारखान्यात सव्वीस वर्षं बॉयलरवर काढली. सरस मला आप्पांमुळे, म्हणजे वडिलांमुळे माहीत होता आणि वाफ नोकरीमुळे. या दोन्हींचा इतिहास मुळाशी एकच आहे हे मात्र निवृत्त झाल्यावर, वाचता वाचता उमगलं. तेव्हापासून भेटेल त्याला मी हे सांगत असतो. आज जरा नीट, सुरुवातीपासून सांगतो.

आधी त्या वडीचं गुपित. कातडं, हाड, स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर या सगळ्यांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. सुंभाची तीन पेडांची दोरी डोळ्यांसमोर आणा. कोलॅजनचा रेणू तसाच असतो, तीन साखळ्या एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. ही तीन पेडांची रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. अख्ख्या जगाच्या जीवशास्त्रात महत्त्वाचा ठरलेला हा शोध आपल्या देशात लागला, याचा मला फार अभिमान वाटतो.

हा पीळ गार पाण्यात सुटत नाही. गरम पाण्यात पुरेसा वेळ ठेवला की सुटतो आणि तिन्ही साखळ्या मोकळ्या होऊन पाण्यात तरंगू लागतात. मग पाणी गार झालं की त्या पुन्हा पीळ घालायला बघतात, पण आता जुना जोडीदार सापडत नाही. जी साखळी हाताशी येईल तिच्यात ती गुंतते. अशा लाखो अर्धवट गाठींचं जाळं तयार होतं, त्यात पाणी अडकतं आणि वडी थरथरू लागते. तीस-पस्तीस अंशांना त्या गाठी पुन्हा सुटतात. म्हणूनच मे महिन्यात ठाण्यात जिलेटिनची जेली फ्रीजबाहेर जमतच नाही. हा तीस-पस्तीसचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं मोठं काम आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पाणी फार तापलं किंवा फार वेळ उकळलं, तर पीळ सुटून भागत नाही, साखळ्यांचेच तुकडे पडू लागतात. तुकडे जितके आखूड, तितकं जाळं कमजोर. वडी धड जमत नाही आणि सरस चिकटत नाही. म्हणजे सरस करायला उष्णता लागतेच आणि उष्णताच त्याला बिघडवते. या धंद्याचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

आप्पांना कोलॅजन हा शब्द माहीत नव्हता, पण ही अडचण पक्की माहीत होती. ते सरसाचं भांडं कधी थेट आचेवर ठेवत नसत. मोठ्या डब्यात पाणी, त्यात सरसाचा लहान डबा. खालची आग कितीही वाढली तरी पाणी उकळीच्या पुढे तापत नाही, त्यामुळे सरस करपत नाही. भांडं उकळायला लागलं की आप्पा मला ओरडायचे, "उकळू देऊ नकोस, मेला तो मग." मेलेला सरस म्हणजे तुकडे पडलेल्या साखळ्या, हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

आता जरा मागे जाऊ. १६७९ साली देनी पापँ नावाच्या फ्रेंच वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक जाड धातूचं, घट्ट झाकणाचं भांडं मांडलं. काम एकच: हाडं शिजवणं. गरिबांना परवडेल असं अन्न हाडांतून काढता येईल, अशी त्याची कल्पना होती. झाकण बंद असल्यामुळे वाफ कोंडायची, दाब वाढायचा आणि पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळायचं नाही. टणक हाडं मऊ पडायची आणि रस गार झाला की वडी जमायची. १६८२ मध्ये सोसायटीच्या सदस्यांना याच भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं गेलं. भांडं फुटू नये म्हणून पापँने त्याला दांडी आणि वजन लावलेली एक झडप बसवली होती. दाब वाढला की वजन उचललं जाई आणि जादा वाफ निघून जाई.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी हीच आहे. वजनाने बसलेली, दाबाने उचलली जाणारी. हॉकिन्सचे कुकर आपल्या ठाण्यातही बनतात, तेव्हा पापँच्या त्या भांड्याचं एक माहेर इथेही आहे असं मी मानतो. बॉयलरवर काम करताना रोज सेफ्टी व्हॉल्व्हकडे नजर जायची, ती झडप मुळात हाडांच्या रश्शासाठी निघाली होती.

वाफ झाकणाला ढकलते, तर ती दुसरं काही ढकलू शकेल का, हा विचार पापँच्या डोक्यात घोळत राहिला. १६९० साली त्याने नळकांडं आणि त्यात वरखाली होणारा दट्ट्या यांची कल्पना मांडली. १७१२ मध्ये न्यूकॉमेन या इंग्रजाचं इंजिन खाणीतलं पाणी उपसू लागलं, ते याच दट्ट्याच्या वाटेवरचं. हाडं शिजवण्याचं भांडं आणि वाफेचं इंजिन हे असे एका घरचे. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी इंजिन आणि बॉयलर सरसाच्या कारखान्यात आले, तेव्हा ते एका अर्थाने घरीच परतले.

त्याआधी सरस कसा होई? उघड्या चुलीवर मोठी कढई, त्यात चुन्यात भिजवलेले कातड्याचे तुकडे. तळ करपू नये म्हणून भोकांचा दुसरा तळ किंवा पेंढा घालत. तरीही तळाशी एक तापमान, मध्ये दुसरं, कडेला तिसरं. एक घाणा चांगला निघे, पुढचा काळा आणि कमजोर. त्यात हवामानाची साथ लागे. वडीच्या चकत्या कापून जाळ्यांवर वाळवायच्या. उन्हाळ्यात हवा तापली की चकत्या वितळून जाळीतून खाली गळत, हवा दमट असली की बुरशी धरे, थंडीत गोठून तडकत. युरोपातले सरसवाले म्हणून वसंत आणि शरद हेच हंगाम धरत. आपल्या ठाण्याचा विचार करा: मेमध्ये हवा पस्तीस अंश, जुलैत आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही. उघड्यावर सरस वाळवायला इथे वर्षातले किती महिने मिळतील?

इथे वाफ कामाला आली. कारखान्यात वाफ म्हटलं की आपल्याला फिरणारी चाकं दिसतात. सरसाच्या कारखान्यातही चाकं होती, पण वाफेचं मोठं काम वेगळंच होतं. एक किलो पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला शंभर किलोकॅलरी लागतात. त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० लागतात, आणि तापमान एका अंशानेही वाढत नाही. ही सगळी उष्णता वाफेच्या पोटात लपून राहते. गार पत्र्याला टेकली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते ५४० त्याच जागी सोडून जाते. जिथे पत्रा जास्त गार, तिथे जास्त वाफ जाऊन पाणी होते. उष्णता जिथे हवी तिथे आपोआप पोचते. आगीला हे जमत नाही, आग जवळच्याला जाळते आणि लांबच्याला उपाशी ठेवते.

शिवाय वाफेचं तापमान दाबाशी बांधलेलं असतं. उघड्यावर शंभर, कुकरच्या दाबाला एकशेवीसच्या आसपास. व्हॉल्व्ह थोडा उघडला-मिटला की कढईतलं पाणी साठ अंशांवर धरून ठेवता येतं. आप्पांचा दोन डब्यांचा उपाय आणि दोन पत्र्यांच्या मधून वाफ खेळवणारी कारखान्यातली कढई, दोन्हींमागचं शास्त्र एकच. फक्त कढईत आता टनावारी माल मावत होता.

अशा कारखान्यातून एक फेरी मारू.

बाहेर हाडांचा ढीग. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारी चक्की हाडं भरडते. मग चरबी काढली जाते, ती साबणवाल्याकडे आणि मेणबत्तीवाल्याकडे जाते. उत्तम जिलेटिन हवं असेल तर भरडलेली हाडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या हौदात टाकतात. हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो, ते आम्लात विरघळतं आणि मागे हाडाच्याच आकाराचा पण रबरासारखा वाकणारा गाभा राहतो. हे घरी करून बघता येतं: कोंबडीच्या तंगडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मग ते बोटांनी वाकतं. मुलांना दाखवा, कायमचं लक्षात राहतं. आम्लात गेलेलं खनिजही वाया जात नाही. त्यात चुना घातला की फॉस्फेट खाली बसतं आणि ते खतात जातं.

तो गाभा, किंवा कातडी असतील तर ती, मग चुन्याच्या हौदात महिना-दोन महिने, कधी त्याहूनही जास्त भिजते. चुना साखळ्यांमधल्या जास्तीच्या गाठी हळूहळू सैल करतो, म्हणजे पुढे कमी उष्णतेत काम होतं. घाई केली तर भरपाई आगीने करावी लागते आणि माल बिघडतो. हा टप्पा वाफेलाही पळवता आला नाही. मग चुना निघून जाईपर्यंत धुणं, आणि त्याला पाणी लागतं ते अफाट. म्हणून हे कारखाने नदीकाठी, खाटिकखान्याच्या जवळ आणि शहराच्या कडेला असत. कडेला का, ते वेगळं सांगायला नको. कुजणारी हाडं आणि चुना यांचा वास दूरवर जाई.

मग कढई. पहिलं पाणी पन्नास-साठ अंशांचं. त्यात ज्या साखळ्या सहज सुटतात त्या अख्ख्या बाहेर येतात, रस जवळजवळ रंगहीन असतो. हे पाणी काढून घेतलं की दुसरं, थोडं जास्त गरम. मग तिसरं, चौथं, शेवटी उकळतं. पहिल्या पाण्याचं जिलेटिन खाण्यासाठी आणि औषधासाठी, मधलं उद्योगांसाठी, शेवटचं काळपट पाणी सुतारासाठी. एकाच कढईतून मिठाईवाला आणि सुतार दोघंही आपापला वाटा नेत होते.

रस गाळायचा, मग आटवायचा. आटवायला पुन्हा उष्णता, म्हणजे पुन्हा तीच भीती. याचं उत्तर साखर कारखान्यांतून आलं. १८१३ च्या सुमारास एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनतज्ज्ञाने साखरेसाठी निर्वात कढई काढली होती. पंपाने आतली हवा ओढून घेतली की पाणी साठ अंशांनाच उकळतं. पापँने दाब वाढवला, याने कमी केला. दोघंही पाण्याच्या उकळीला आपल्या सोयीने हलवत होते. सरसवाल्यांनी ही कढई पुढे उचलली.

शेवटी रस पसरट पेट्यांत ओतून जमवायचा, तारेने चकत्या कापायच्या, जाळ्यांवर मांडायच्या. इथे वाफेच्या नळ्यांवरून पंख्याने फिरवलेली कोरडी हवा येते, पण ती वडी वितळायच्या आकड्याच्या खालीच ठेवावी लागते. मगाचा तीस-पस्तीस इथे आडवा येतो. वाळलेल्या वडीवर जाळीचे चौकोन उमटलेले असत. आप्पांनी आणलेल्या सरसाच्या वड्यांवर मी लहानपणी ती नक्षी बोटाने गिरवायचो.

एक गोष्ट बॉयलरवाला म्हणून मला विशेष वाटते. इंजिनात कोळशाच्या उष्णतेचा फारच थोडा भाग चाक फिरवण्यात जाई, जुन्या इंजिनांत दहातला एक भागही नाही. बाकीच्यातली पुष्कळ उष्णता बाहेर पडणाऱ्या वाफेबरोबर निघून जाई. मुंबईच्या कापडगिरण्यांत तिच्यातली बरीच शेवटी गिरणीच्या तळ्यात जात असे. सरसाच्या कारखान्याला मात्र नेमकी हीच, जोर संपलेली पण गरम वाफ हवी होती. आधी इंजिनातून चक्की, पंप, पंखे चालवायचे आणि तिथून सुटलेली वाफ कढयांच्या नळ्यांत सोडायची. एका कोळशात दोन कामं. आज मोठे कारखाने याला कोजनरेशन म्हणतात आणि त्यासाठी सल्लागार नेमतात.

या धंद्यातला माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे न्यूयॉर्कचा पीटर कूपर. १८२१ मध्ये त्याने एक सरसाचा कारखाना विकत घेतला आणि त्यावर संपत्ती कमावली. सरस उकळता उकळता बॉयलर आणि वाफ यांची ओळख झालेला हा माणूस, १८३० मध्ये त्याने बाल्टिमोर-ओहायो रेल्वेच्या रुळांवर स्वतः बांधलेलं एक छोटं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं. नाव टॉम थम्ब. बॉयलरच्या नळ्यांसाठी त्याने बंदुकीच्या नळ्या वापरल्या होत्या. घोड्याबरोबरच्या शर्यतीत इंजिन पुढे होतं, पण आगीवर हवा फुंकणाऱ्या पंख्याचा पट्टा घसरला आणि घोडा जिंकला. तरी रेल्वेच्या मालकांना जे दिसायचं ते दिसलं. त्यानंतर तेवीस वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं चारशे पाहुण्यांना घेऊन आपल्या ठाण्यात आली. त्या दिवसाचे फोटो-पाट्या ठाण्यात जागोजागी बघायला मिळतात. त्या बघताना मला हाडांची कढईही आठवते. कूपरने १८४५ मध्ये खाण्याच्या जिलेटिनचं पेटंटही घेतलं आणि सरसाच्या पैशातून न्यूयॉर्कमध्ये कूपर युनियन ही शिक्षणसंस्था काढली.

सगळंच काही गोड नव्हतं. पापँची गरिबांच्या रश्शाची कल्पना पॅरिसमध्ये दार्से या रसायनतज्ज्ञाने पुन्हा उचलली. १८२९ च्या सुमारास तिथल्या सँ लुई रुग्णालयात हाडांवर वाफ सोडून जिलेटिन काढून रुग्णांना देऊ लागले. ते पोषक आहे का यावर वाद पेटला, मजँदी या शरीरशास्त्रज्ञाच्या समितीने तपासलं आणि १८४१ मध्ये निकाल दिला, की नुसत्या जिलेटिनवर जीव जगत नाही. कारण पुढे कळलं: शरीराला लागणारं ट्रिप्टोफॅन त्यात मुळीच नसतं. गरिबांच्या ताटात काय घालायचं हे ठरवताना आधी तपासावं, नंतर नाही, असं मला ते वाचताना फार वाटलं.

आणि ती हाडं येत कुठून? ब्रिटिश काळात आपल्या बंदरांतून भरडलेल्या हाडांची जहाजं युरोपला जात. गावोगाव मेलेली जनावरं ओढणं, सोलणं, हाडं गोळा करणं हे काम जातीने ठरवून दिलेल्या माणसांच्या माथी मारलेलं होतं, आणि ते करतात म्हणून त्यांनाच शिवायचं नाही. हाडांच्या आणि कातड्यांच्या धुळीतून अँथ्रॅक्सचा जीवघेणा रोगही येई. १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं, त्यामागे ही सगळी सक्ती उभी होती. चकचकीत पारदर्शक जिलेटिनचा इतिहास सांगताना ही पहिली कडी गाळली तर तो खोटा होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिलेटिनला नवी गिऱ्हाइकं मिळाली. कॅप्सूल १८३० च्या दशकात पॅरिसमध्ये निघाली होतीच. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने फोटोच्या काचेवर चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये धरून बसवले, आणि फोटोग्राफी खिशात मावण्याच्या वाटेला लागली. पण काही जिलेटिनवर फोटो उत्तम येई, काहींवर नाही, आणि कारण कोणाला कळेना. १९२५ मध्ये कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्डने ते शोधलं: जनावरांनी मोहरीच्या जातीची झाडं खाल्ली की त्यातल्या गंधकाच्या द्रव्याचा अगदी लवमात्र अंश जिलेटिनपर्यंत पोचतो, आणि त्याने फिल्म तेज होते. त्याच वर्षी ऑस्कर ब्लूम या अमेरिकनाने वडीचा जोर मोजणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पाण्यात ठरलेल्या प्रमाणात जिलेटिन घालून वडी दहा अंशांना जमवायची आणि छोटा दट्ट्या तिच्यात चार मिलिमीटर दाबायला किती ग्रॅम लागतात ते बघायचं. तो आकडा म्हणजे ब्लूम. कडक कॅप्सूलचं जिलेटिन साधारण दोनशेच्या पुढचं. आमच्या कारखान्यात पोत्यांवर हा आकडा छापलेला असे.

जाता जाता एक गैरसमज काढून टाकतो. विहिरी फोडायच्या जिलेटिनच्या कांड्यांचा हाडांशी काही संबंध नाही. १८७५ मध्ये आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीनमध्ये प्रक्रिया केलेला कापूस विरघळवला, ते मिश्रण जेलीसारखं दिसलं म्हणून हे नाव पडलं.

सुताराच्या सरसाचे दिवस मात्र सरले. १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आला. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा पांढरा गोंद, तापवायला नको, भिजवायला नको, वास नाही. आप्पांनी बरीच वर्षं हट्टाने दोन डबे चुलीवर ठेवले, मग तेही डबी उघडून बोटाने लावू लागले. जिलेटिन टिकलं, आपल्या देशात ते जबलपूर, वापी, कोची इथे बनतं आणि कॅप्सूलमधून घराघरांत पोचतं.

मागच्या पावसाळ्यात आप्पांनी केलेल्या जुन्या देवघराचा एक सांधा दुरुस्त करायचा होता. सुतार म्हणाला, कापावा लागेल. मी त्याला थांबवलं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळलं आणि केटलीच्या तोंडची वाफ त्यावर धरली. वीस मिनिटांनी लाकडाने हलकीच कूस बदलली आणि सांधा न तुटता, न चिरता हातात आला. मोडेल पण सुटणार नाही अशा फेविकॉलने हे झालं नसतं. तंतुवाद्यं दुरुस्त करणारे अजून सरस मागतात ते यासाठीच. घरभर तो जुना वास पसरला. तशाच एका कारागिराकडून मी मूठभर सरस मागून आणला, रात्री गार पाण्यात भिजत घातला, आणि सकाळी एका मोठ्या डब्यात पाणी घेऊन त्यात लहान डबा ठेवला.